गाव नमुना ते संगणकीय नमुना : परभणी जिल्ह्यातील महसुली नमुन्यांच्या पुनर्वापराचा ऐतिहासिक अभ्यास

गोषवारा

संगणक प्रणाली विकसित करताना एका प्रकल्पासाठी तयार केलेला, पडद्यावर माहिती भरण्याचा नमुना दुसऱ्या प्रकल्पात पुन्हा वापरणे ही आज सर्वमान्य पद्धत आहे. त्यामुळे वेळ व खर्च वाचतो, तसेच वापरणाऱ्यास ओळखीची मांडणी मिळते. परंतु नमुन्याबरोबर तो जेथे तयार झाला तेथील कायदा, भूगोल आणि समजुतीही नव्या ठिकाणी जातात. या प्रश्नाचा इतिहास संगणकापेक्षा जुना आहे. परभणी जिल्ह्यातील जमिनीच्या नोंदींचे नमुने हैदराबाद संस्थानातून मुंबई राज्यात, कागदावरून संगणकावर आणि संगणकावरून भ्रमणध्वनीवर कसे गेले, त्यात काय टिकले व काय गळाले, याचा शोध प्रस्तुत शोधनिबंधात घेण्यात आला आहे.

बीजसंज्ञा : गाव नमुना, सातबारा, पुनर्वापर, खासरा पत्रक, ई-फेरफार, ई-पीक पाहणी, परभणी जिल्हा.

प्रस्तावना

मराठवाड्यातील शेतकऱ्याच्या जीवनात 'सातबारा' या शब्दास जे स्थान आहे ते क्वचितच दुसऱ्या एखाद्या शासकीय कागदास असेल. पीक कर्ज, पीक विमा, वारस नोंद, वाटणी, खरेदी-विक्री आणि न्यायालयातील दावा या प्रत्येक ठिकाणी सातबाऱ्याचा उतारा मागितला जातो. सातबारा म्हणजे गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा असे दोन स्वतंत्र नमुने एका कागदावर एकत्र छापलेले पत्रक होय. हा नमुना परभणीत तयार झालेला नाही. तो मुंबई इलाख्यातील जमीन महसूल व्यवस्थेत घडला आणि मराठवाडा मुंबई राज्यात सामील झाल्यानंतर या भागात आला. पुढे संगणकीकरणाच्या काळात त्याच नमुन्याची मांडणी पडद्यावर उतरविण्यात आली.

संगणक क्षेत्रात 'पुनर्वापर' हा तांत्रिक विषय मानला जातो. इतिहासाच्या अभ्यासकाने त्याकडे पाहिले असता हा केवळ तंत्राचा प्रश्न नसून नोंदीचा आणि हक्काचा प्रश्न असल्याचे दिसून येते. रकाना असेल तर नोंद होते आणि नोंद असेल तर हक्क सिद्ध करणे सोपे जाते. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १५७ नुसार अधिकार अभिलेखातील प्रमाणित नोंद, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, खरी मानली जाते. म्हणूनच नमुन्यातील एखादा रकाना ठेवणे, गाळणे किंवा त्याचा अर्थ बदलणे ही गोष्ट सामान्य माणसाच्या दृष्टीने क्षुल्लक राहत नाही.

संशोधनाची उद्दिष्टे

१. कागदी नमुना व संगणकीय नमुना यांतील ऐतिहासिक संबंध स्पष्ट करणे.
२. परभणी जिल्ह्यात महसुली नमुन्यांचा पुनर्वापर कोणत्या टप्प्यांतून झाला याचा आढावा घेणे.
३. पुनर्वापराचे फायदे व मर्यादा यांची चिकित्सा करणे.

संशोधन पद्धती

प्रस्तुत अभ्यासासाठी ऐतिहासिक व वर्णनात्मक संशोधन पद्धतीचा अवलंब करण्यात आला असून हैदराबाद संस्थान व महाराष्ट्र राज्य यांचे महसुली कायदे, नियम, प्रचलित नमुने आणि संगणकीकरणाच्या योजनांची प्रकाशित माहिती यांचा आधार घेण्यात आला आहे.

नमुना : कागदावरचा आणि पडद्यावरचा

कोणत्याही नमुन्याचे तीन स्तर मानता येतात. पहिला स्तर मांडणीचा, म्हणजे कोणता रकाना कोठे आणि कोणत्या शीर्षकाखाली आहे याचा. दुसरा स्तर नियमांचा, म्हणजे त्या रकान्यात काय लिहिता येईल, कोण लिहील आणि कोण तपासील याचा. तिसरा स्तर जोडणीचा, म्हणजे ही माहिती कोठून येते व पुढे कोठे जाते याचा. तलाठ्याच्या दप्तरातील नोंदवही असो अथवा संगणकाचा पडदा असो, हे तिन्ही स्तर दोन्हीकडे आढळतात.

संगणकाच्या इतिहासात पुनर्वापराचा विचार लवकर सुरू झाला. १९६८ मध्ये जर्मनीतील गार्मिश येथे भरलेल्या परिषदेत डग्लस मॅकिलरॉय यांनी कारखान्यातील सुट्या भागांप्रमाणे आज्ञावलीचेही तयार घटक असावेत, अशी कल्पना मांडली. १९७९ मध्ये ट्रिग्वे रीन्सकाऊग यांनी झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात माहिती, तिचे दर्शन आणि तिचे नियंत्रण हे तीन भाग वेगळे ठेवण्याची रचना सुचविली. १९९१ मध्ये आलेल्या व्हिज्युअल बेसिकमुळे पडद्यावरील नमुना हाताने रेखाटावा तसा तयार करता येऊ लागला. १९९६ मधील डेल्फीच्या दुसऱ्या आवृत्तीत एका मूळ नमुन्यापासून दुसरे नमुने वारशाने निर्माण करण्याची सोय झाली.

या वाटचालीतून पुनर्वापराच्या तीन रीती पुढे आल्या. पहिली रीत नकलेची. जुना नमुना उचलून नव्या प्रकल्पात ठेवायचा आणि लागेल तेथे बदलायचा. ही सर्वांत सोपी रीत आहे. मात्र मूळ नमुन्यातील दोष पुढे दुरुस्त झाला तरी तो नकलेत तसाच राहतो. दुसरी रीत वारशाची. यात मूळ नमुना एकच राहतो व इतर नमुने त्याला जोडलेले असतात, त्यामुळे मूळ ठिकाणी केलेली दुरुस्ती सर्वत्र पोहोचते, तशीच मूळ ठिकाणी झालेली चूकही सर्वत्र पोहोचते. तिसरी रीत वर्णनाची. यात नमुना न लिहिता नमुन्याचे वर्णन लिहिले जाते, म्हणजे रकान्याचे नाव, प्रकार आणि नियम यांची यादी तयार केली जाते आणि त्यावरून पडदा आपोआप घडतो.

परभणीच्या महसुली इतिहासात या तिन्ही रीती संगणक येण्यापूर्वीच अनुभवास आल्या होत्या. खेड्यातील नोंदवहीची दरवर्षी होणारी नक्कल ही पहिली रीत होय. राज्यभर एकच विहित गाव नमुना असणे ही दुसरी रीत, तर नमुने कसे भरावेत हे सांगणारी महसुली नियमपुस्तिका हे तिसऱ्या रीतीचे पूर्वरूप मानता येईल. मुंबई इलाख्यात एफ. जी. एच. अँडरसन यांनी सिद्ध केलेली महसुली हिशेबांची पुस्तिका या दृष्टीने महत्त्वाची आहे. गावाच्या दप्तराची विभागणी एक ते एकवीस अशा क्रमांकित गाव नमुन्यांत करण्याची पद्धत तिच्यामुळे रूढ झाली आणि 'अँडरसन मॅन्युअल' हे नाव महसूल खात्यात आजही परिचित आहे.

निजामकालीन परभणीतील नमुने

परभणी जिल्हा १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानाचा भाग होता. पहिल्या सालारजंगांनी १८६५ मध्ये जिल्हाबंदीची व्यवस्था अमलात आणून महसुली कारभाराची नवी घडी बसविली. त्यानंतर १८७० च्या दशकात मराठवाड्यात जमिनीची मोजणी व जमाबंदी सुरू झाली, ती शेजारच्या मुंबई इलाख्यातील रयतवारी पद्धतीच्या धर्तीवर. याचा अर्थ असा की, मुंबईच्या नमुन्याचा पहिला पुनर्वापर परभणीच्या परिसरात एकोणिसाव्या शतकातच झाला होता. सर्व्हे नंबर, क्षेत्र आणि आकार ही त्रिसूत्री दोन्हीकडे सारखी झाली. भाषा, कालगणना आणि पदनामे मात्र संस्थानाची राहिली.

संस्थानाचा जमीन महसूल कायदा १३१७ फसलीचा, म्हणजे इसवी सन १९०७-०८ चा होय. या कायद्याने पट्टेदार, शिकमीदार आणि असामी शिकमी अशा संज्ञा वापरल्या. सरकारला सारा देण्यास जबाबदार असलेला तो पट्टेदार, जमिनीत त्याच्याबरोबर हक्क असलेला तो शिकमीदार आणि कुळ म्हणून जमीन कसणारा तो असामी शिकमी. एकाच शेताशी माणसांचे जे निरनिराळे संबंध असत ते ओळखण्यासाठी ही परिभाषा घडली होती. सेतवार, पहाणी पत्रक आणि वसूल बाकी ही त्या काळातील दप्तराची प्रमुख अंगे होती. वर्ष फसलीत लिहिले जाई आणि १८८४ च्या सुमारास फारसीची जागा घेतल्यानंतर कारभाराची भाषा उर्दू होती.

संस्थानाच्या विलीनीकरणाच्या काळात दोन महत्त्वाचे बदल झाले. १३५८ फसलीच्या अधिकार अभिलेख विनियमाने जमिनीतील हक्कांची स्वतंत्र नोंद ठेवण्याची तरतूद केली. १९५० च्या हैदराबाद कुळवहिवाट व शेतजमीन कायद्याने संरक्षित कुळ ही संकल्पना आणली. त्यानंतर १९५४-५५ मध्ये तयार झालेले खासरा पत्रक हे मराठवाड्याच्या दप्तरातील एक मूलभूत साधन ठरले. मराठवाड्यातील जमिनीच्या दाव्यांत खासरा पत्रकाचा दाखला वारंवार दिला जातो, कारण जुनी व नवी व्यवस्था यांच्या सांध्यावरील ती नोंद आहे.

मुंबईचा नमुना मराठवाड्यात

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचनेनुसार मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात समाविष्ट झाला आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य अस्तित्वात आले. त्यानंतर महसुली दप्तराच्या एकीकरणाची प्रक्रिया टप्प्याटप्प्याने झाली. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ ही १५ ऑगस्ट १९६७ पासून लागू झाली. तिच्याखालील अधिकार अभिलेख व नोंदवह्यांविषयीच्या १९७१ च्या नियमांनी गाव नमुना सात व गाव नमुना बारा यांचे स्वरूप संपूर्ण राज्यासाठी निश्चित केले. सातबाऱ्याच्या शीर्षभागी या नियमांचे क्रमांक छापले जात. संगणकीकृत उताऱ्यावरही हा मजकूर कायम राहिला, ही बाब नमुन्याच्या सातत्याची साक्ष देते.

सात आणि बारा हे नमुने एकत्र छापण्यामागे व्यावहारिक शहाणपण होते. नमुना सातमध्ये भूमापन क्रमांक, भोगवटादार, क्षेत्र, पोटखराब, आकार, कुळ आणि इतर अधिकार यांची नोंद असते. ही माहिती फेरफार झाल्याशिवाय बदलत नाही. नमुना बारामध्ये वर्ष, हंगाम, पीक, क्षेत्र आणि सिंचनाचे साधन यांची नोंद असते व ती दरवर्षी बदलते. गाव, तालुका आणि भूमापन क्रमांक हे शीर्षक दोहोंना समान असल्याने ते एकदाच लिहून वर स्थिर भाग आणि खाली बदलता भाग ठेवण्यात आला. संगणक आज्ञावलीत समान शीर्षभाग एकदाच तयार करून त्याखाली वेगवेगळे नमुने जोडतात, त्याचेच हे कागदी रूप होय. नमुना बारामधील मिश्र पिकांसाठी असलेला 'मिश्रणाचा संकेतांक' हा रकानाही लक्षणीय आहे. कापसात तूर किंवा ज्वारीत तूर घेणाऱ्या शेतकऱ्याचे संपूर्ण रान एका संकेतांकात बसविण्याची ही रीत संगणकाच्या आधीची आहे.

परंतु नमुन्याबरोबर त्याच्या मूळ प्रदेशाचा भूगोलही आला. लागवडीयोग्य क्षेत्राच्या खाली जिरायत आणि बागायत यांच्या जोडीला तरी आणि वरकस असे प्रकार छापलेले असत. तरी म्हणजे भाताची जमीन आणि वरकस म्हणजे कोकणातील डोंगरउताराची, गवताची वा नाचणी-वरीसारख्या पिकांची हलकी जमीन. गोदावरी, पूर्णा आणि दुधना यांच्या खोऱ्यातील काळ्या कसदार जमिनीच्या परभणी जिल्ह्यात या शब्दांना फारसा उपयोग नव्हता. तरीही कागदी सातबाऱ्यावर आणि नंतर सुरुवातीच्या संगणकीकृत सातबाऱ्यावरही ते शब्द रिकाम्या रकान्यांसह कायम राहिले. रिकामा रकाना फारशी हानी करीत नाही. खरी अडचण तेथे येते, जेथे रकाना भरलेला असतो परंतु त्याचा अर्थ बदललेला असतो.

एक रकाना, तीन कायदे

या दृष्टीने नमुना सातमधील 'कुळाचे नाव' हा रकाना विशेष अभ्यासनीय आहे. पश्चिम महाराष्ट्रात १९४८ चा मुंबई कुळवहिवाट व शेतजमीन कायदा लागू होता आणि १ एप्रिल १९५७ या कृषक दिनी कुळास जमिनीचा मालक मानण्याची तरतूद त्यात झाली. मराठवाड्यात १९५० चा हैदराबाद कायदा, तर विदर्भात १९५८ चा स्वतंत्र कायदा होता. राज्य एक, नमुना एक आणि रकाना एक, परंतु त्यामागे तीन प्रदेशांचे तीन कायदे अशी ही स्थिती होती. पुणे जिल्ह्यातील सातबाऱ्यावर कुळाचे नाव दिसल्यास त्याचा जो कायदेशीर परिणाम होतो, तोच परभणीतील सातबाऱ्यावर होईल असे नाही. परभणीत ते नाव संरक्षित कुळाचे आहे की साध्या कुळाचे, हे पाहण्यासाठी हैदराबाद कायद्याखालील कुळांच्या नोंदवहीकडे वळावे लागते.

पट्टेदार, शिकमीदार आणि असामी शिकमी या तीन संबंधांना नव्या नमुन्यात भोगवटादार, कुळ आणि इतर अधिकार या तीन जागा मिळाल्या. संख्या जुळली तरी अर्थ तंतोतंत जुळला नाही. शिकमीदाराचे नाव भोगवटादारांच्या यादीत घ्यावे की इतर अधिकारात घ्यावे, हा निर्णय दप्तर उतरविणाऱ्याच्या समजुतीवर अवलंबून राहण्यास वाव होता. याशिवाय उर्दू लिपीत ऱ्हस्व स्वर सामान्यतः लिहिले जात नसल्याने व्यक्तींची व शेतांची नावे देवनागरीत आणताना संदिग्धता निर्माण होणे स्वाभाविक होते. मांडणीचा पुनर्वापर सोपा असतो, पण नियमांचा व जोडणीचा पुनर्वापर अवघड असतो, ही गोष्ट येथे स्पष्ट होते.

याची दुसरी बाजूही नोंदविली पाहिजे. काही रकान्यांनी, नमुना न बदलता, नवा सामाजिक आशय सामावून घेतला. १९९२ च्या लक्ष्मीमुक्ती योजनेने पतीच्या नावावरील जमिनीत पत्नीचे नाव सहहिस्सेदार म्हणून लावण्याची सोय केली. त्यासाठी नवा नमुना करावा लागला नाही. भोगवटादाराच्या रकान्यात एकापेक्षा अधिक नावे लिहिण्याची जागा आधीच होती. पुनर्वापरास योग्य नमुना कोणता, याचे हे उत्तम उदाहरण आहे.

संगणकीकरण : वर्ध्यापासून परभणीपर्यंत

केंद्र शासनाची भूमी अभिलेख संगणकीकरणाची योजना १९८८-८९ मध्ये देशातील आठ जिल्ह्यांत प्रायोगिक तत्त्वावर सुरू झाली. महाराष्ट्रातून वर्धा जिल्ह्याची निवड झाली होती. पुढे ही योजना इतर जिल्ह्यांत विस्तारली आणि राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने महाराष्ट्रासाठी तयार केलेली आज्ञावली राज्यभर वापरात आली. एका जिल्ह्यात सुरू झालेले काम अन्य जिल्ह्यांत नेता आले याचे मुख्य कारण १९७१ च्या नियमांनी सर्व जिल्ह्यांचा नमुना आधीच एक केला होता. कागदावरील एकीकरण झाले नसते तर संगणकावरील पुनर्वापर शक्य झाला नसता.

या टप्प्यावर लिपीचा प्रश्न पुन्हा उपस्थित झाला. पुण्याच्या प्रगत संगणन विकास केंद्राने, म्हणजे सी-डॅकने, भारतीय लिपींसाठी जिस्ट तंत्रज्ञान विकसित केले होते आणि १९९१ मध्ये इस्की ही भारतीय मानक संकेतप्रणाली निश्चित झाली. पुढे युनिकोडचा स्वीकार झाल्यावर आधीच्या पद्धतीत साठविलेली मराठी माहिती नव्या संकेतप्रणालीत आणणे भाग पडले. उर्दूतून देवनागरीत आणि एका संकेतप्रणालीतून दुसरीत, अशी मराठवाड्यातील नोंदींची वाटचाल झाली. प्रत्येक वेळी नमुना तोच राहिला, परंतु नाव बदलण्याचा धोका राहिला.

दरम्यान जिल्ह्याची रचनाही बदलत होती. १ मे १९८१ रोजी जालना जिल्हा निर्माण होताना परतूर तालुका परभणीतून तिकडे गेला. १ मे १९९९ रोजी हिंगोली हा स्वतंत्र जिल्हा झाला. जिल्हा, तालुका आणि गाव निवडण्याचा भाग हा महसुली संकेतस्थळांवर सर्वाधिक वेळा पुन्हा वापरला जाणारा भाग आहे. तो नावांवर अवलंबून ठेवला तर प्रत्येक पुनर्रचनेनंतर जुनी नोंद शोधणे कठीण होते. देशपातळीवरील स्थानिक शासन निर्देशिकेने प्रत्येक गावास स्वतंत्र संकेतांक दिला, त्यामुळे गावाचे नाव वा जिल्हा बदलला तरी ओळख कायम राहण्याची सोय झाली.

ई-फेरफार, नवा सातबारा आणि ई-पीक पाहणी

२००८ मध्ये राष्ट्रीय भूमी अभिलेख आधुनिकीकरण कार्यक्रम सुरू झाला व २०१६ मध्ये त्याचे रूपांतर डिजिटल इंडिया कार्यक्रमात झाले. महाराष्ट्रात या काळात ई-फेरफार प्रणाली आली. आधीच्या संगणकीकरणात मुख्यतः उताऱ्याची मांडणी संगणकावर आली होती. ई-फेरफारमध्ये नियम आणि जोडणी हे स्तरही आले. नमुना सातमध्ये बदल करावयाचा तर आधी नमुना सहामध्ये फेरफार नोंद, हितसंबंधितांस नोटीस आणि मंडळ अधिकाऱ्याचे प्रमाणीकरण हवे, हा कागदावरील क्रम प्रणालीत बांधण्यात आला. दुय्यम निबंधक कार्यालयातील आय-सरिता प्रणालीशी जोडणी झाल्याने दस्त नोंदणीच्या वेळी भरलेली माहिती फेरफारासाठी पुन्हा वापरता येऊ लागली. दोन स्वतंत्र खात्यांच्या प्रकल्पांत एकदा भरलेल्या माहितीचा असा उपयोग होणे ही मोठी प्रगती होय.

या जोडणीबरोबर चुकीचे परिणामही वाढले. कागदावरील चूक त्या एका पानावर राहत असे, संगणकीय नोंदीतील चूक मात्र त्या नोंदीवर अवलंबून असलेल्या प्रत्येक प्रणालीत जाते. म्हणूनच हस्तलिखित व संगणकीकृत सातबारा ताडून पाहण्यासाठी २०१७ मध्ये राज्यभर चावडी वाचनाची मोहीम घेण्यात आली. लेखनप्रमाद दुरुस्तीसाठी संहितेच्या कलम १५५ चा आधार घेतला गेला. गावकऱ्यांसमोर नोंदी मोठ्याने वाचून दाखविण्याची जुनी प्रथा संगणकीय माहितीच्या शुद्धीकरणासाठी उपयोगी पडली. १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला.

सप्टेंबर २०२० मध्ये शासनाने सातबाऱ्याच्या मांडणीत सुधारणा केल्या. गावाचा संकेतांक, शेवटच्या फेरफाराचा क्रमांक व दिनांक आणि प्रलंबित फेरफाराची माहिती उताऱ्यावर आली. अकृषिक झालेल्या जमिनीस नमुना बाराची आवश्यकता नाही, असे उताऱ्यावरच नमूद होऊ लागले. दीर्घकाळ एकत्र वापरलेले दोन नमुने आवश्यकतेनुसार वेगळे करता येतात, याची ही पहिली ठळक कबुली होती.

१५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणीद्वारे नमुना बारा शेतकऱ्याच्या भ्रमणध्वनीवर आला. तलाठ्याने (२०२४ पासून ग्राम महसूल अधिकारी) करावयाची पीक नोंद शेतकऱ्याने स्वतः छायाचित्रासह करावी, अशी ही योजना आहे. २०२४ मध्ये केंद्राच्या डिजिटल पीक सर्वेक्षणाशी तिची सांगड घालण्यात आली. येथे नमुना तोच राहिला, पण तो भरणारा माणूस बदलला. तलाठ्यास जल सिंचित, निर्भेळ पीक, पोटखराब हे शब्द सवयीचे होते. शेतकऱ्यासाठी तीच माहिती सोप्या प्रश्नांच्या रूपात विचारावी लागते. शिवाय भ्रमणध्वनीवरील नोंदीची सुरुवात खातेदाराच्या निवडीपासून होते. मराठवाड्यात बटईने जमीन करण्याची रीत जुनी आहे. ज्याच्या नावावर खाते नाही परंतु ज्याच्या घामातून पीक उभे आहे, त्याची ओळख या नमुन्यात खातेदाराच्या आडूनच होते. कागदी दप्तरात 'जमीन करणाऱ्याचे नाव' असा रकाना होता. तो कितपत प्रामाणिकपणे भरला जाई हा वेगळा प्रश्न आहे, परंतु तो विचारला जात होता.

एका संस्थानाचे तीन वारसे

हैदराबाद संस्थानाचे १९५६ मध्ये तीन भाषिक राज्यांत विभाजन झाले. मराठवाडा मुंबई राज्यात, बिदर-गुलबर्गा-रायचूर हा भाग म्हैसूर राज्यात आणि तेलंगणा आंध्र प्रदेशात गेला. पहाणी पत्रकाचा वारसा तिघांनाही लाभला होता. मराठवाड्यात त्याची जागा सातबाऱ्याने घेतली. कर्नाटकात अधिकार, कूळवहिवाट व पीक यांचा एकत्र उतारा रूढ झाला आणि शतकाच्या आरंभी तो भूमी प्रणालीत गेला. तेथील बोलीत त्यास आजही पहाणी म्हणतात. तेलंगणात २९ ऑक्टोबर २०२० रोजी धरणी हे संकेतस्थळ सुरू झाले. त्यात पूर्वीच्या पहाणीतील प्रत्यक्ष कब्जेदाराचा रकाना वगळण्यात आला होता व त्यावर मोठी चर्चा झाली. २०२५ मध्ये धरणीच्या जागी भू भारती ही नवी व्यवस्था आणण्यात आली. एकाच मूळ नमुन्याच्या या तीन वाटा पाहिल्या असता रकाना गाळण्याचा निर्णय किती दूरगामी असतो, हे लक्षात येते.

परभणीसह मराठवाड्याने याचा वेगळा अनुभव २०२३ मध्ये घेतला. कुणबी नोंदींच्या शोधासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली, तेव्हा खासरा पत्रक, पहाणी पत्रक, कुळ नोंदवही आणि हक्क नोंद पत्रक अशी जुनी महसुली कागदपत्रे अभिलेख कक्षांतून बाहेर काढून तपासण्यात आली. ज्या प्रश्नाचे उत्तर त्यात शोधले गेले तो प्रश्न हे नमुने तयार करणाऱ्यांच्या मनात नव्हता. आजच्या सातबाऱ्यात ज्या माहितीस जागा नाही, ती जुन्या नमुन्याच्या एखाद्या रकान्यात वा शेऱ्यात सापडू शकते. नवा नमुना आल्यावर जुना निरुपयोगी होतो, ही समजूत त्यामुळे खोटी ठरते.

निष्कर्ष

१. संगणकीय नमुन्यांचा पुनर्वापर ही नवी घटना नसून महसुली दप्तरात तिची परंपरा दीर्घ आहे. परभणी जिल्ह्यात मुंबईचा नमुना प्रथम १८७० च्या दशकात संस्थानामार्फत, नंतर १९५६ नंतर कायद्याने आणि शेवटी संगणकाद्वारे आला.

२. राज्यभर आज्ञावलीचा पुनर्वापर शक्य झाला तो १९७१ च्या नियमांनी कागदी नमुना एकसारखा केल्यामुळे. संगणकीकरणाचे बरेचसे यश त्यापूर्वीच्या प्रशासकीय एकीकरणाचे आहे.

३. मांडणी सहज स्थलांतरित होते, परंतु नियम व जोडणी तशी होत नाही. 'कुळाचे नाव' या एका रकान्यामागे तीन प्रादेशिक कायदे असणे हे त्याचे ठळक उदाहरण आहे.

४. पुनर्वापरात अनावश्यक रकाना राहिल्यास गैरसोय होते, पण आवश्यक रकाना गळाल्यास एखाद्या वर्गाचा पुरावाच नाहीसा होतो. बटईदार, कुळ आणि सहहिस्सेदार यांच्या बाबतीत ही दक्षता विशेष महत्त्वाची आहे.

५. ओळख नावावर न ठेवता स्थिर संकेतांकावर ठेवणे, मूळ नोंद व तिचे नवे रूप दोन्ही जतन करणे आणि नमुना स्वीकारण्यापूर्वी तो स्थानिक लोकांसमोर वाचून तपासणे, ही तीन पथ्ये इतिहासाच्या आधारे सुचविता येतात. यांपैकी तिसरे पथ्य चावडीने पूर्वीपासून पाळले होते.

एकूणच, पडद्यावरील नमुना पुन्हा वापरणाऱ्या आज्ञावलीकाराने आणि तो मंजूर करणाऱ्या अधिकाऱ्याने प्रत्येक रकान्याबाबत दोन प्रश्न विचारणे आवश्यक ठरते. हा रकाना येथे कोणासाठी आहे, आणि येथे ज्याच्यासाठी रकाना नाही असा कोण आहे? पहिल्या प्रश्नाचे उत्तर जुन्या आज्ञावलीत मिळते. दुसऱ्याचे उत्तर मिळविण्यासाठी त्या प्रदेशाचा इतिहास वाचावा लागतो.